फडात काम हवंय, निवड कशी होते?

प्रश्न : मी मोडनिंबचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गॅदरिंगमध्ये नाटकं केली. येत्या हंगामात तमाशाच्या ढोलकी फडात वगातली भूमिका मिळावी म्हणून तयारी कशी करू?
– एक वाचक, मोडनिंब

उत्तर : तुमच्या परिसरात संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत, पण तिथे मुख्य असतात लावणी आणि अदाकारी. वग हवा तर ढोलकी फडच गाठा. हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होऊन बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. त्यामुळे दसऱ्याची वाट न पाहता पावसाळ्यातच फडमालकांना भेटा. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात त्या मुख्यतः जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी, तोवर कलावंत ठरलेले असतात.

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग ही रचना समजून घ्या. निवडीसाठी एक गवळण आपल्या पट्टीत बसवा आणि राजा व सोंगाड्या अशा दोन टोकांच्या भूमिकांचे संवाद तयार ठेवा. वगात संवाद बरेचदा जागच्या जागी फुलवावे लागतात. म्हणून पाठांतराइतकाच हजरजबाबीपणा पाहिला जातो. आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा कमवा.

पगार, मुक्काम, जेवण आणि सुट्ट्या लेखी ठरवा. गरज नसताना उचल (आगाऊ रक्कम) घेऊ नका, ती फेडण्यात पुढचे हंगाम अडकतात. नामवंत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा जन्म तुमच्या शेजारच्या पंढरपूरचा. तमाशाच्या या परंपरेत मानाने उतरा, पण आधी पदवी पूर्ण करा.