शिष्यवृत्तीतील ‘वृत्ती’

‘वृत्ती’ या शब्दाचा एक अर्थ उपजीविका असा आहे. शिष्याच्या उपजीविकेची सोय ती शिष्यवृत्ती. आज मात्र हा शब्द ऐकताच आपल्याला आठवते ती फी. फी माफ झाली की गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण सुकर झाले, अशी समजूत रूढ आहे. ती कितपत खरी आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

ज्यांनी आपल्याकडे विद्यार्थ्यांना मदतीचा हात दिला, त्यांनी आधी पोटाचा विचार केला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. येथे ‘दरमहा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

आजच्या योजना संख्येने कितीतरी अधिक आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना शुल्काची सवलत मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. तिच्यामुळे हजारो घरांत पहिला पदवीधर झाला. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या सूचनांत बी. ए. सारख्या अभ्यासक्रमासाठी फीखेरीज वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० व घरून येणाऱ्यास ३,००० रुपये भत्ता ठरविला आहे. म्हणजे महिन्याला अनुक्रमे ५०० आणि २५० रुपये. एवढ्यात खाणावळीचा महिना निघत नाही. याउलट, २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद झाली. गरजेचा खरा हिशेब या योजनेने मांडला.

कला शाखेची फी मुळातच थोडी असते. आपल्याला जड जाते ते खोलीचे भाडे, एस. टी. चा पास, दोन वेळचे जेवण. शिवाय खाणावळवाला पैसे मागतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. शिष्यवृत्ती मात्र अर्ज, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी हे सारे पार पडल्यावर हप्त्याने खात्यात जमा होते. गरज महिन्याची आणि मदत वर्षाची, अशी ही विसंगती आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात रिकामी राहिलेली बाके आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या मित्रांची फी माफच होती.

म्हणून मागणी साधी आहे. भत्ता महागाईशी जोडावा आणि तो दरमहा मिळावा. तोपर्यंत महाविद्यालयाने एक लहानसा निधी उभारून शिष्यवृत्ती मंजूर झालेल्यांना उसनवार द्यावी व पैसे जमा होताच ती परत घ्यावी. आपणही एक करू शकतो : जूनमध्ये प्रथम वर्षाच्या मुलांजवळ बसून त्यांचे अर्ज बिनचूक भरून देऊ शकतो. ज्याच्या घरात याआधी कोणी असा अर्ज भरलेला नाही, त्याला ही मदत लाखमोलाची वाटेल.