एका चिनी शब्दाची ओळख : फिंग-तंग

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'सम', 'समता' यांना चिनी शब्द कोणता द्यावा, हा प्रश्न भाषांतरकारांपुढे होता. त्यांनी दोन अक्षरे जोडून 'फिंग-तंग' हा शब्द रूढ केला. इ.स. 401 मध्ये छांगआन नगरीत आलेल्या कुमारजीवांच्या वज्रच्छेदिका सूत्राच्या भाषांतरातही तो आहे.

'फिंग'चा फ 'फळ'मधल्यासारखा, ओठ मिटून म्हणावा. प्रश्न विचारताना चढतो तसा स्वर वर न्यावा. 'तंग' म्हणताना खाली आणावा. फिंग म्हणजे सपाट, समतल. लिहायला पाचच रेघा लागतात : वर आडवी रेघ, तिच्याखाली दोन तिरके ठिपके, मग लांब आडवी रेघ आणि शेवटी मधून उभी.

तंग अवघड आहे. त्याच्या डोक्यावर बांबूची खूण असते. कागदाच्या आधी चिनी लोक बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत. त्या पट्ट्या सारख्या जुळवणे, असा अर्थ जुन्या कोशात दिला आहे. पण याच तंगचा दुसरा अर्थ 'दर्जा'! पहिल्या वर्गाला 'थौ-तंग' म्हणतात. (वाट पाहणे, हाही एक अर्थ आहेच.) म्हणजे एकटा तंग माणसांना पायऱ्यांवर बसवू शकतो, आधी फिंग लागला की पायऱ्या सपाट होतात. हे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातली मुले बराच वेळ गप्प होती.

वापर पाहा. 'नान-न्यु फिंग-तंग' म्हणजे स्त्री-पुरुष समता. 'पु' लावला की विषमता : इंग्रजांनी 1842 साली लादलेल्या नानचिंगच्या तहासारख्या तहांना चिनी लोक 'पु-फिंग-तंग' तह म्हणतात. 1954 च्या भारत-चीन पंचशीलातील समानतेच्या तत्त्वालाही हाच शब्द आहे.

सूत्रांत मात्र त्याचा रोख मनाकडे आहे. 'फिंग-तंग-शिन' म्हणजे आपला-परका न करणारे चित्त. राजकीय हक्काचा अर्थ एकोणिसाव्या शतकात त्याला जडला. मला वाटते, आपल्याला दोन्ही अर्थ हवेत. कायदा पाणवठा खुला करतो, शेजाऱ्याचे मन नव्हे.

जपानमध्ये याचा उच्चार 'ब्योदो'. उजी गावी 1052 साली स्थापन झालेल्या विहाराचे नावच 'ब्योदो-इन'. जपानच्या 1946 च्या संविधानात कायद्यापुढील समता सांगताना हाच शब्द आला आहे, आणि कलम आहे 14. आपल्या संविधानातही समतेचे कलम 14 वेच! योगायोग खरा, पण मुलांच्या तो पक्का लक्षात राहतो.

आज रात्री पाटीवर फिंगच्या पाच रेघा घरातल्या सर्वांनी काढून पाहाव्यात, आजीनेही.