अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा खेळाचा तास

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही, दृष्टी व श्रवण निर्दोष असूनही आणि शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही ज्या मुलाला वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने फार कष्टाने साध्य होते, त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे वैद्यकशास्त्र मानते. अक्षरे आणि त्यांचे ध्वनी यांची सांगड घालताना मूल अडखळत असेल तर त्या अडचणीला डिस्लेक्सिया, अक्षर वळवताना व विचार कागदावर उतरवताना होणाऱ्या अडचणीला डिसग्राफिया आणि संख्यांचे आकलन व आकडेमोड यांतील अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार शालेय वयाच्या मुलांत या अडचणींचे प्रमाण ५ ते १५ टक्के असते, त्यामुळे पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असणे ही अपवादाची गोष्ट नव्हे.

निदान होताच घरातील वेळापत्रक बदलते. शाळा, शाळेनंतरची शिकवणी, आठवड्यातून दोन-तीन वेळा उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मुलाच्या नेमक्या अडचणीवर बेतलेली विशेष शिक्षकाची शिकवणी, आणि त्यावर गृहपाठ, इतके सारे दिवसात बसवताना सर्वप्रथम कात्री लागते ती खेळाच्या तासाला, तबल्याच्या शिकवणीला किंवा बालनाट्याच्या तालमीला. अनेक घरांत तर गुण वाढले तरच मैदानावर जाण्याची परवानगी मिळेल, अशी अट घातली जाते. ही अट वैद्यकीय दृष्ट्या चुकीची आहे. ज्या कौशल्यात मुलाचा मेंदू मुळातच वेगळ्या रीतीने काम करतो, त्या कौशल्यातील यशावर त्याचे धावणे, गाणे आणि मित्रांत मिसळणे अवलंबून ठेवले, तर न केलेल्या अपराधाची शिक्षा त्याला रोज संध्याकाळी भोगावी लागते.

या अक्षमतेच्या वैद्यकीय इतिहासात, अगदी आरंभीच, खेळाचा उल्लेख सापडतो. १८९६ साली इंग्लंडमधील डॉ. डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. मात्र तो तल्लख असून खेळांत चपळ आहे, याची मॉर्गन यांनी आवर्जून नोंद केली आणि सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, हे त्याच्या शिक्षकाचे मतही त्यात दिले. मुलाचे मूल्यमापन केवळ वाचनावरून करू नये ही जाण या क्षेत्राला पहिल्यापासून आहे, आणि तरीही सव्वाशे वर्षांनंतर खेळाचा तास रद्द करून त्या जागी शुद्धलेखन घेतले जाते, ही खेदाची बाब आहे.

खेळ व कला यांचा मुलाच्या आरोग्याशी असलेला संबंध दुहेरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. अक्षमता असलेल्या मुलांसाठीही या सूचनांत हेच प्रमाण सांगितले आहे. हा झाला शरीराचा भाग. मनाचा भाग अधिक नाजूक आहे, कारण वर्गात रोज मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या, वहीवर लाल शेरे पाहणाऱ्या आणि ‘लक्ष देत नाही’ हे वाक्य सतत ऐकणाऱ्या मुलाच्या मनात आपण मठ्ठ आहोत ही समजूत आठ-नऊ वर्षांच्या वयातच रुजू लागते. चिंता, परीक्षेच्या सकाळी होणारी पोटदुखी, शाळेत जाण्यास नकार आणि पौगंडावस्थेत येणारी उदासीनता या तक्रारी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळतात. दिवसातील एक तास जरी मूल आपल्या प्रगतीचा अनुभव घेऊ शकले, तर ही समजूत पक्की होण्यास अडथळा येतो. त्या तासात त्याने पदक मिळवण्याची आवश्यकता नसते. मागच्या महिन्यात जमत नसलेली गोष्ट या महिन्यात जमते, एवढे त्याला दिसले तरी पुरेसे असते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अत्यावश्यक आहे. खेळ किंवा संगीत हा अध्ययन अक्षमतेवरील उपचार नव्हे. समतोलाच्या व समन्वयाच्या ठरावीक व्यायामांनी डिस्लेक्सिया बरा होतो, अशी जाहिरात करणारे कार्यक्रम परदेशात मोठ्या खर्चाने चालवले गेले, परंतु त्यांच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार मिळाला नाही. आपल्याकडे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाने डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे जे वर्ग चालले, त्यांना तर कोणताच आधार नाही, आणि पालकांनी अशा ठिकाणी पैसा व मुलाचा वेळ दवडू नये. संगीताच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांच्या संशोधनातून असे पुढे आले, की डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांना भाषेतील लय, म्हणजे शब्दांतील आघात व अवयव यांचे चढउतार, टिपणे अवघड जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या एका गटाला लयप्रधान संगीत आणि दुसऱ्या गटाला चित्रकला शिकवण्यात आली, तेव्हा संगीताच्या गटाची ध्वनिजाणीव, म्हणजे शब्दातील सुटे ध्वनी ओळखण्याची क्षमता, व वाचन यांत अधिक सुधारणा आढळली. हे निष्कर्ष आशादायक असले तरी लहान गटावर आधारलेले आहेत. त्यामुळे मुलाने तबला आवडतो म्हणून शिकावा, आणि वाचनासाठी उपचारात्मक अध्यापन स्वतंत्रपणे चालू ठेवावे, हाच सल्ला आज योग्य ठरतो.

कोणता खेळ निवडावा, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, कारण अध्ययन अक्षमतेसोबत इतरही अडचणी असू शकतात. काही मुलांना डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींचे नियोजन व समन्वय साधण्यातील अडचण असते. चेंडू झेलणे, बुटाची नाडी बांधणे, सायकल चालवणे यांसारख्या गोष्टी ही मुले उशिरा शिकतात. काहींना अवधान न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी असते. काहींचा डावे-उजवे यांत सतत गोंधळ होतो, तर काहींची कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेल्या सूचना काही क्षण मनात धरून त्यांनुसार कृती करण्याची क्षमता, अपुरी पडते. खो-खोचे उदाहरण यासाठी बोलके आहे. या खेळात रांगेत बसलेल्या खेळाडूंची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात, खो मिळताच क्षणार्धात उठावे लागते आणि एकदा दिशा पकडल्यावर पाठलाग करणाऱ्याला माघारी वळता येत नाही. त्यामुळे दिशांचा गोंधळ होणारे चपळ मूलही येथे सुरुवातीला वारंवार नियमभंग करते आणि ‘याला नियम समजत नाहीत’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. त्याला नियम समजत असतो. वेगात असताना दिशेचा निर्णय घेण्यास त्याला अधिक सराव लागतो. मैदानावर रंगीत खुणा करून, पहिले काही दिवस केवळ चालत सराव घेऊन आणि एका वेळी एकच सूचना देऊन अनेक मुलांना हा खेळ शिकवता येतो.

समन्वयाची अडचण ठळक असल्यास पोहणे, धावणे, सायकल चालवणे, गिर्यारोहण किंवा मल्लखांब यांपासून आरंभ करावा, कारण या प्रकारांत मुलाची स्पर्धा प्रामुख्याने स्वतःशी असते आणि एकच हालचाल पुनःपुन्हा करून पक्की करता येते. कराटेसारख्या प्रकारात पट्ट्यांचे टप्पे ठरलेले असल्याने प्रगती डोळ्यांना दिसते. सांघिक खेळ मात्र कायमचे वर्ज्य करू नयेत; मैत्री, वाट पाहणे आणि हरल्यानंतर पुन्हा उभे राहणे या गोष्टी मूल संघातच शिकते. शालेय वयात वर्षभर एकाच खेळाचा कठोर सराव करून घेणेही टाळावे, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी आणि खेळापायी झोपेत कपात होऊ नये.

सादरीकरणाच्या कलांचा विचार करताना महाराष्ट्रातील मौखिक परंपरा या मुलांना विशेष अनुकूल ठरते. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हटले जातात, हाताने टाळी-खाली दाखवली जाते आणि मग ते वाद्यावर उतरतात. सोळा मात्रांचा तीनताल चार-चार मात्रांच्या चार भागांत कानाने, हाताने आणि उच्चाराने एकाच वेळी शिकला जातो. अनेक ज्ञानेंद्रियांच्या साहाय्याने शिकवण्याची जी पद्धत विशेष शिक्षक डिस्लेक्सियासाठी वापरतात, तिचे तत्त्व हेच आहे. कथक, लेझीम, पोवाडा, भारूड, ढोल-ताशा या सर्वांत शिक्षण मुख्यतः पाहून, ऐकून व करून होते आणि कागद दुय्यम असतो. तरीही सावध राहावे असे एक वळण येते: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांच्या परीक्षांत पुढील टप्प्यांवर लेखी प्रश्नपत्रिका असतात, आणि उत्तम वाजवणारे मूल तेथे अडून कलाच सोडून देण्याचा धोका असतो. पालकांनी परीक्षा केंद्राकडे लेखनिक किंवा वाढीव वेळेची विनंती आगाऊ लेखी स्वरूपात करावी, आणि सवलत मिळाली नाही तर परीक्षा बाजूला ठेवून शिक्षण पुढे चालू ठेवावे.

नाटकाच्या तालमीत पहिला प्रसंगच कठीण असतो, कारण तेथे संहितेचे वाचन होते. सर्वांसमोर प्रथमच हाती आलेले पान वाचायला लावल्यास डिस्लेक्सिया असलेले मूल पुन्हा वर्गातील त्याच अवस्थेत जाते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी तालमीला येत नाही. दिग्दर्शकाने संवाद मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आधी घरी पाठवावेत, भूमिका वाचनावरून न ठरवता सुचलेले संवाद बोलून व अभिनय करून ठरवाव्यात आणि हालचाली व संवाद एकत्र पाठ करून घ्यावेत, कारण ‘खिडकीपाशी गेल्यावर हे बोलायचे’ अशा रीतीने शरीराशी जोडलेला संवाद चांगला लक्षात राहतो. अशा मुलाला कायम झाडाची किंवा गर्दीतल्या माणसाची भूमिका देणे ही दया नसून वगळणे आहे.

याच्या उलट टोकाची अपेक्षाही मुलाला तितकीच जड होते. ‘तारे जमीन पर’ हा २००७ सालचा चित्रपट आल्यानंतर डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला, हे त्याचे मोठे कार्य आहे. पण प्रत्येक डिस्लेक्सिक मुलात एखादा चित्रकार दडलेला असतो अशी समजूतही त्यासोबत पसरली. सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकणारे ब्रिटिश नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना डिस्लेक्सिया आहे, हे खरे आहे आणि मुलाला सांगण्यासारखेही आहे. बहुसंख्य मुले मात्र खेळात व कलेत इतरांसारखीच मध्यम असतात, आणि मध्यम राहूनही आनंदाने खेळण्याचा त्यांना अधिकार आहे.

हा अधिकार कायद्यानेही दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून त्याच्या कलम १६ नुसार शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना भेदभाव न करता प्रवेश देऊन खेळ व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. त्यामुळे उपचारात्मक अध्यापनाचा तास खेळाच्या तासाच्या जागी ठेवणाऱ्या शाळेशी पालकांनी या कलमाच्या आधारे बोलावे. अनेक पालक ‘स्पेशल ऑलिंपिक’ किंवा पॅरालिंपिकविषयी विचारतात. त्यांपैकी पहिली चळवळ प्रामुख्याने बौद्धिक अक्षमतेसाठी आहे, तर दुसऱ्या स्पर्धेत केवळ अध्ययन अक्षमतेसाठी वेगळा गट नाही, म्हणून या मुलांची जागा शाळेच्या व तालुक्याच्या नेहमीच्या संघातच आहे. दहावीच्या परीक्षेत क्रीडा स्पर्धा, शास्त्रीय कला, लोककला आणि शासकीय रेखाकला परीक्षांतील यशासाठी राज्य मंडळाकडून वाढीव गुण मिळतात. अध्ययन अक्षमतेच्या सवलतींहून ही तरतूद वेगळी असल्याने तिचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जाईल याकडे लक्ष द्यावे.

खेळाच्या किंवा कलेच्या वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी दृष्टी व श्रवण यांची तपासणी झालेली असावी, कारण चेंडू न दिसणे किंवा सूचना ऐकू न येणे यांचे साधे कारणही असू शकते. एडीएचडीसाठी मिथिलफेनिडेट हे औषध चालू असल्यास भूक, झोप आणि उन्हातील सरावात पाणी पिणे यांवर लक्ष ठेवावे. मूल उत्तेजकद्रव्य चाचणी होणाऱ्या स्तरावर खेळू लागल्यास हे औषध स्पर्धाकाळात प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत येते, म्हणून औषध परस्पर बंद न करता उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मदतीने उपचारार्थ वापराची सवलत आगाऊ मागावी. मूल सरावाला जाणे टाळू लागले, तर लगेच वर्ग बदलू नये व सक्तीही करू नये. खेळ आवडत नाही, की शिकवण्याची पद्धत झेपत नाही, की कोणी चिडवते, हे आधी शांतपणे विचारावे. प्रशिक्षकाला निदान सांगायचे की नाही, हा निर्णय साधारण दहा वर्षांपुढील मुलाला विचारूनच घ्यावा, आणि सांगायचे ठरल्यास निदानाच्या नावापेक्षा उपयोगी माहिती द्यावी: एका वेळी एकच सूचना द्यावी, कृती करून दाखवावी, डावे-उजवे सांगताना हाताने खूण करावी आणि सर्वांसमोर फळ्यावरचे किंवा कागदावरचे वाचायला लावू नये.