मळसूत्राची पकड

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा उसाप्रमाणेच दुधासाठीही प्रसिद्ध आहे. संगमनेर, राहाता, राहुरी या भागांतील गावोगावचे दूध प्रक्रिया-केंद्रांत येते. तेथे ते ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून १५ सेकंद त्याच तापमानात ठेवतात व लगेच थंड करतात. या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात.

हे कार्य करणारे यंत्र म्हणजे पोलादी पत्र्यांची एक उभी चळतच होय. प्रत्येक पत्र्याची जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते व त्याच्या कडेने रबरी पट्टी बसविलेली असते. काही भागांत पत्र्याच्या एका अंगाने कच्चे दूध वाहते, तर दुसऱ्या अंगाने तापविलेले. ही सारी चळत दोन जाड तक्त्यांमध्ये लांब मळसूत्रांनी आवळलेली असते.

मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. त्यामुळे थोड्या जोराने मोठा दाब उत्पन्न होतो. तो किती, हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याचा अंदाज करता येतो. समजा, मळसूत्राचा व्यास ०.०२ मीटर आहे आणि १ मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी १० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला. जोर व लांबी यांच्या गुणाकारास, व्यास व घर्षणाचा अंक यांच्या गुणाकाराने भागावे. कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी हा अंक सुमारे ०.२ असतो. म्हणून १० ÷ (०.२ × ०.०२) = २,५०० किलोग्रॅम. अशा चार मळसूत्रांची पकड १०,००० किलोग्रॅम झाली.

आता पत्र्याचे क्षेत्रफळ ४,००० चौरस सेंटीमीटर व आतील दाब दर चौरस सेंटीमीटरला २ किलोग्रॅम धरला, तर दूध तक्त्यांना ८,००० किलोग्रॅम बळाने दूर लोटते. पकड त्याहून अधिक आहे. म्हणून चळत मिटलेली राहते. परंतु आटे गंजून तो अंक ०.३ झाला, तर तेवढ्याच जोराने पकड सुमारे ६,७०० किलोग्रॅमच भरेल आणि दूध गळू लागेल. हात तोच, पाना तोच; घर्षणाने मात्र फसविले!

म्हणून जाणता फिटर केवळ मनगटाच्या जोरावर विसंबत नाही. तो आटे स्वच्छ करून त्यांना वंगण देतो, समोरासमोरची मळसूत्रे आळीपाळीने थोडी थोडी आवळतो आणि दोन तक्त्यांमधील अंतर पट्टीने मोजतो. यंत्रकर्त्याने ठरवून दिलेले अंतर साधले, की तो थांबतो. गळती दिसताच अधिकाधिक आवळत जाणे घातक होय. सैल चळतीचा दोष बाहेर ठिबकतो व लगेच कळतो. अति आवळल्याने पत्रा वाकून त्यास चीर पडली, तर ती आतच दडून राहते, आणि कच्चे दूध शुद्ध दुधात मिसळण्याचा संभव उत्पन्न होतो. ते दूध घराघरांतील बालकांच्या पेल्यात जावयाचे असते.

बळ असणे हा गुण खराच. परंतु ते कोठे थांबवावे, हे मोजून ठरविणे हा त्याहून मोठा गुण होय.

स्वाध्याय
१. आट्यांना तेल दिल्याने घर्षणाचा अंक ०.१५ झाला, तर चार मळसूत्रांची पकड किती होईल?
२. सैल चळतीपेक्षा अति आवळलेली चळत अधिक घातक का?