कातडं आधी भिजव, मग काप

बाळा, कोंडिग्र्याच्या माळावर गुलाबाच्या हरितगृहात कामाला लागलास, स्वतःच्या पैशाने छाटणीची चांगली कात्री, सिकेटर, घेतलीस, कमरेला लावायला चामडी म्यानही घेतलंस. आता म्हणतोस, म्यान नीट बसत नाही. कात्री ओढताना अडकते आणि वाकलं की खाली पडते. शेजारच्या पोराने तुला सल्ला दिलाय, तोंडाशी दोन बोटं कापून टाक. तेवढं मात्र करू नकोस. कातडं ओढून वाढतं, भिजवून आवळतं, शिवून जोडता येतं, पण कापलेलं परत जोडलं तरी पहिल्यासारखं धरत नाही. म्हणून म्यानात जो काही बदल करायचा त्यात रापीचा, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराचा, नंबर शेवटचा.

आधी हातात काय आहे ते ओळख. म्यानाची कापलेली कड उजेडात धर. आतपर्यंत तपकिरी-तांबूस असेल तर ते सालीत कमावलेलं कातडं. मधोमध निळसर राखाडी रंग दिसला तर क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. कड रंगवलेली असली तर आतल्या खरखरीत बाजूला पाण्याचा थेंब सोड. सालीचं कातडं थेंब पिऊन घेतं आणि तिथे गडद डाग पडतो. क्रोमच्या कातड्यावर थेंब बहुधा बराच वेळ तसाच बसून राहतो. क्रोमचं कातडं मऊ, पाण्याला दाद न देणारं, पण त्याला आकार दिला तरी ते धरून ठेवत नाही. त्याला फक्त शिवून घट्ट करता येतं. सालीचं असेल तर तुझं नशीब चांगलं, कारण मी पुढे सांगतोय त्यातलं निम्मं काम नुसत्या पाण्याने होतं.

हे कातडं आपल्याला नवं नाही. कोल्हापुरी पायताण याच जातीच्या कातड्याचं. चुन्यात केस काढून मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावतात. जुन्या रीतीत तर कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे, आत साल आणि हिरडा भरायचे, वरून पाणी ओतत राहायचे. ते पाणी कातड्यातून झिरपत झिरपत खाली यायचं आणि त्यातच कातडं पिकायचं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे चांगल्या कातड्यासाठी तुला मुंबईची वाट बघायला नको. पायताण शिवणाऱ्या कारागिराकडे तळाच्या कातड्याचे उरलेले तुकडे असतात. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा, विताएवढा तुकडा माग. तो सांगेल ते पैसे दे, घासाघीस करू नकोस. तो तुकडा कुठे लागतो ते पुढे सांगतो.

आता घट्ट म्यानाचं. नवं म्यान घट्ट असणं हा त्याचा दोष नव्हे. कात्रीचं कुलूप लावून ती मिटव, प्लास्टिकच्या पिशवीत दोन वेढे देऊन गुंडाळ, म्यानात दाबून बसव आणि रात्रभर तशीच राहू दे. सकाळी काढून बघ. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर दुसऱ्या रात्री आणखी एक वेढा वाढव. तेल लावून सैल करायला जाऊ नकोस. तेलाने कातडं मऊ पडतं, म्यानाच्या भिंती आत कोसळतात, आणि मग कात्री परत घालताना दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरावं लागतं. ज्या म्यानाला दोन हात लागतात ते म्यान कामाचं नाही.

सैल म्यानाला पाणी लागतं. भांड्यात कोमट पाणी घे. तुझी बोटं आरामात राहतील एवढंच कोमट. कढत पाण्यात सालीचं कातडं आक्रसतं, कडक होतं, आणि ते नुकसान कायमचं. म्यान पाण्यात बुडवलं की बुडबुडे येतील. ते थांबले की बाहेर काढ. लगेच दाबायला घेऊ नकोस. ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेव आणि वाट बघ. कातड्याचा मूळ रंग वरून थोडा परत यायला लागला, पण हाताला अजून गार लागतंय, ती वेळ खरी. त्याआधी दाबलंस तर आकार पाण्यासारखा निसटतो, फार उशीर केलास तर कातडं ऐकत नाही.

कात्रीला पातळ प्लास्टिक लावूनच आत घाल. याचं कारण नीट समजून घे. सालीच्या कातड्यात जो कस असतो त्याला लोखंड लागलं आणि ओल असली की निळा-काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई अशीच करायचे, हिरड्यासारख्या कसदार फळात लोखंडाचा क्षार घालून. डाग बाजूला राहू दे, तुझ्या पात्यालाही गंज चढतो. तर प्लास्टिक लावून कात्री आत घातलीस की बाहेरून अंगठ्याने आणि गुळगुळीत लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबत जा. पात्याची रेघ, मधला खिळा, दांड्यांचा खांदा, हे सगळं कातड्यावर उमटलं पाहिजे. जास्त जोर खिळ्याच्या आसपास दे, कारण म्यान कात्रीला तिथेच धरून ठेवतं. टोकाकडे फार दाबू नकोस, तिथे कात्री सहज सरकायला हवी. नखं कापून बस, ओल्या कातड्यावर नखाचा ओरखडा कायमचा राहतो.

मग कात्री अलगद काढून घे आणि म्यान सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस वाळू दे. उन्हात नको, चुलीजवळ नको, केस वाळवायच्या यंत्रासमोर तर नकोच. घाईने वाळवलेलं कातडं पुढे चिरा पाडतं. वाळलं की ते आधीपेक्षा कडक आणि एक छटा गडद होतं. हे असंच व्हायला हवं.

शिवणीकडे आता नीट बघ, कारण बाजारच्या म्यानात खरी कसर इथेच असते. पुढचं आणि मागचं कातडं थेट एकमेकांवर शिवलेलं असतं. पात्याची धार दर वेळी त्या दोऱ्यावरच घासते. चार महिन्यांत टाके तुटतात, आणि मग धार बाहेर येते ती तुझ्या मांडीशी. धारेच्या बाजूची शिवण उसव. कारागिराकडून आणलेल्या तुकड्यातून बोटाच्या अर्ध्या रुंदीची लांब पट्टी काप आणि दोन थरांच्या मध्ये घाल. आता धार पट्टीवर घासेल, दोऱ्यावर नाही. ही एक पट्टी म्यानाचं आयुष्य कितीतरी पटीने वाढवते. माझं ऐकून दुसरं काही केलं नाहीस तरी एवढं कर. पट्टीने म्यान किंचित रुंद होतं, म्हणून पट्टी आधी घालून शिव आणि भिजवून आकार द्यायचं काम त्यानंतर कर.

चिकटवायला चपलेचं सोल्युशन चालतं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवड, दोन्हींना पातळ लाव, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोड आणि ठोक. ओलं असताना जोडलं तर सुटतं.

दोरा मेण लावलेला जाड घे, चपला शिवतात तो. साधा सुती दोरा हरितगृहातल्या दमट हवेत कुजतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घे आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओव. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया जाऊ देत, एक इकडून, एक तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढ. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाके उसवत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे मागे घे आणि काप. जुनी छिद्रं असतील तर त्यांतूनच शिव. शेजारी नवी पाडलीस तर कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. नव्या ठिकाणी छिद्रं पाडायची असतील तर कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत एक रेघ ओढ आणि जेवणाच्या काट्याची टोकं त्या रेघेवर दाबत जा, खुणा सारख्या अंतरावर पडतात.

खिळे लोखंडी वापरू नकोस, कारण वर सांगितलंच. रिव्हेट लागलंच तर पितळेचं. त्यावर पुढेमागे हिरवट थर येतो, तो फडक्याने पुसला की झालं. मूळचं कोल्हापुरी पायताण तर खिळ्याशिवायच उभं राहतं, कातड्याच्याच वादीने शिवलेलं.

पट्ट्यावर म्यान कुठे यावं, हे तुझं तुलाच ठरवावं लागेल, पण ते हलता कामा नये. सॅम ब्राउन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता, 1858 साली लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवार उपसताना म्यान धरायला हातच उरला नाही, म्हणून त्याने खांद्यावरून तिरका पट्टा घेऊन म्यान एका जागी जखडून टाकलं. पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात तो पट्टा तू बघितला असशील. तुला खांद्यावरून पट्टा नको, पण म्यानामागची पट्टा ओवायची घडी तुझ्या कमरपट्ट्याएवढीच रुंद हवी. घडी रुंद असेल तर दोन टाके घालून ती आवळ. गुलाबाच्या वाफ्यांमधल्या वाटा अरुंद, काट्यांत म्यान अडकतं, म्हणून बरोबर कुशीत न ठेवता थोडं मागे ने. द्राक्षाची गोष्ट वेगळी. मिरज-तासगावकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणाऱ्यांचे हात दिवसभर मांडवात वर असतात, त्यांना म्यान पुढे, मांडीवर हवं. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताचं म्यान घेऊन उलटं लावू नये. पात्याची बाजू अंगाकडे येते.

कुणाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर असलं आणि त्याच्या कातडी होल्स्टरचं विचारलं, तर हीच भिजवण्याची रीत सांग, पण सोबत हेही सांग की आकार द्यायला त्याच मापाचा लाकडी ठोकळा वापरावा, शस्त्र नव्हे. आणि चाप पूर्ण झाकलेला राहिला पाहिजे, त्या जागी घरी काहीही कापू नये.

रोगट फांदी छाटली की पातं पुसल्याशिवाय म्यानात घालू नकोस. कात्री तू औषधात बुडवून धुतोस, पण म्यान आतून धुता येत नाही. एका झाडाचा रोग तिथे बसतो आणि दुसऱ्या झाडाला जातो. औषधाने ओली कात्रीही तशीच आत नको. म्यानाच्या तळाशी एक बारीक छिद्र ठेव, पाणी आणि माती तिथून निघून जाते. घरी आल्यावर कात्री म्यानाबाहेर काढून वेगळी ठेव. ही सवय मोडू नकोस.

पावसाळ्यात बुरशी येणारच. कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसून काढ, वर्तमानपत्रात सैल गुंडाळ, हवा लागेल असं ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलंस तर आठवड्यात पांढरं होईल. तेल वर्षातून एकदा, बाहेरच्या बाजूने, एरंडेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन. गोडेतेल नको, ते खवट होतं. पुराचं पाणी लागलं तर वेगळा उपाय. 2005, 2019, 2021 या वर्षांत शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात होती. चिखल वाळू न देता चामडं स्वच्छ पाण्याने धुवावं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, बोळे ओले झाले की बदलत जावेत, आणि थोडी ओल असतानाच तेलाचा हलका हात द्यावा. उन्हात टाकलेलं लाकडासारखं होऊन मोडतं.

हे सगळं झालं की म्यान पंधरा-वीस दिवस वापर. वाक, बस, शिडी चढ. कात्री काढताना अंगठा कुठे अडतो ते बघ. अडत असेल तर तिथे खडूने अर्धगोल काढ, मोठा नको, अंगठ्याच्या नखाएवढा. त्या खुणेने आणखी दोन दिवस काम कर. खूण बरोबर वाटली तरच रापी घे, तीही नव्याने धार लावलेली, आणि एका ओढीत काप. कापलेली कड पॉलिश पेपरने गोल कर, बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून तिला लाव आणि जाड कापडाने चमक येईपर्यंत घास. त्या जागेजवळ शिवण येत असेल तर आधी तिथे दोन जादा टाके घालून घे.