टोमॅटो लाल होताना

आठवडी बाजारात टोमॅटो घेताना आपण टिकेल म्हणून हिरवट, कडक फळ निवडतो. घरी ते लाल होते तेव्हा केवळ रंगच पालटत नाही, आत ‘ई’ जीवनसत्त्वही वाढत असते. ते कसे, हे आज पाहू.

‘ई’ जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स व बिशप यांनी लावला. ते आहारात नसले की मादी उंदरांना गर्भ राही, पण तो पोटातच जिरून जाई. यावरून त्याला टोकोफेरॉल हे नाव पडले. ग्रीक भाषेत ‘टोकोस’ म्हणजे प्रसूती. आपल्या शरीरात ते पेशींच्या आवरणातील स्निग्धांश खराब होऊ देत नाही.

कच्च्या टोमॅटोत हरितद्रव्य असते. फळ पिकू लागले की ते मोडते आणि त्याचा फायटॉल नावाचा शेपटीसारखा भाग सुटा होतो. जुना वाडा उतरवून त्याचीच लाकडे नव्या घराला लावावीत, तसे झाड या फायटॉलपासून ‘ई’ जीवनसत्त्व घडवते. त्याच सुमारास लायकोपिन तयार होऊन फळ लाल होते. म्हणून टोमॅटो पूर्ण लाल होऊ द्यावा. कच्चा असताना फ्रीजमध्ये ठेवल्यास तो नीट पिकत नाही.

मात्र टोमॅटोवरच विसंबू नये. १०० ग्रॅम टोमॅटोत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम ‘ई’ असते. प्रौढांसाठी अमेरिकन मानक रोज १५ मिलिग्रॅमचे आहे. उरलेली गरज आपल्या मराठवाड्याचे जुने पीक भागवू शकते. करडईच्या १०० ग्रॅम तेलात सुमारे ३४ मिलिग्रॅम, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे ८ मिलिग्रॅम ‘ई’ असते. हे जीवनसत्त्व तेलात विरघळते. त्यामुळे टोमॅटोच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि वरून तेलाची फोडणी, ही आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

केस गळतात, चेहऱ्यावर डाग आहेत म्हणून ‘ई’च्या कॅप्सूल घ्याव्यात का, असे मला अनेक जण विचारतात. मनाने घेऊ नका, हेच माझे उत्तर. अमेरिकेत हजारो पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. रोज ४०० एकक ‘ई’ घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर या कॅप्सूलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज एकही कॅप्सूल घेऊ नये. ताटातल्या टोमॅटोला, दाण्यांना मात्र अशी भीती नाही.