पडद्यावर पट्टे आले तर काय करावे?

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव पुष्कळांना ठाऊक आहे. पूर्वी या भागात भातशेती होती. खाडीही जवळच. १९७० साली नवे शहर वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली. शेतांच्या जागी हळूहळू रस्ते आले, इमारती आल्या. खारघर वसले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो गाडी सुरू झाली. तिच्या अकरा स्थानकांपैकी एकाचे नाव बेलपाडा आहे.

शेत गेले, तसे पोट भरण्याचे साधनही बदलले. जिथे नांगर असे, तिथे आज एखाद्या घरी संगणक दिसतो. कोणी त्यावर लग्नपत्रिका तयार करतो. कोणी सातबाराचा उतारा काढून देतो. कोणी हळदीची चित्रफीत जोडून देतो. आगरी-कोळी लोकांत हळदीचा थाट केवढा असतो, हे काय सांगायला हवे!

नांगराचा फाळ बोथट झाला, तर शेतकऱ्याला ते कळते. लोहाराकडे जाण्याआधीच दोष कुठे आहे, हे तो जाणतो. संगणक बिघडला, की मात्र आपण हात टेकतो. समोरचा सांगेल ते खरे मानतो आणि मागेल ते देतो. असे का व्हावे? संगणकाचा दोषही पायरीपायरीने शोधता येतो. त्याला मोठी विद्या लागत नाही. नीट पाहावे लागते आणि पाहिलेले लिहून ठेवावे लागते. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. मग हे काम तुमच्याच हातचे आहे.

संगणकात चित्र कोण काढतो?

शाळेतला फळा आठवा. गुरुजी डोक्यात हिशेब करतात. हात खडूने तो फळ्यावर लिहितो. मुले फळा पाहतात.

संगणकातही तसेच आहे. मुख्य प्रोसेसर म्हणजे डोके. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लिहिणारा हात. मॉनिटर, म्हणजे पडदा, हा झाला फळा. हात आणि फळा यांना जोडणारी एक वायर असते.

या हाताला काम किती? साध्या मोठ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा. २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. हे चित्र दर सेकंदाला बहुधा ६० वेळा नवे पाठवले जाते. म्हणजे एका सेकंदात १२ कोटींहून अधिक ठिपके! एवढे काम करणारा हात तापणारच. म्हणून कार्डावर धातूच्या पातळ पट्ट्या आणि पंखा बसविलेला असतो.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. गुरुजींचा हात दुखला, म्हणून त्यांची विद्या जात नाही. तसेच कार्ड बिघडले, म्हणून संगणकात साठविलेले काम जात नाही. ते वेगळ्या ठिकाणी, डिस्कमध्ये असते. पडदा काळा झाला म्हणून घाबरू नका. "सगळे गेले" असे कोणी म्हणाले, तर लगेच विश्वास ठेवू नका.

एक उदाहरण

समजा, बेलपाड्यात एका ताईंचे लहान दुकान आहे. लग्नसराई चालू आहे. तीन घरच्या हळदीची चित्रे त्यांच्या संगणकात आहेत. आगाऊ पैसे घेतले आहेत आणि ते खर्चही झाले आहेत. अशात पडद्यावर हिरवे-गुलाबी पट्टे उमटू लागले. मधूनच पडदा काळा होई. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दारातूनच पाहिले.

"कार्ड गेलं, ताई. नवं घ्या. बारा हजार पडतील."

"उघडून तर बघा, दादा."

"बघायचं काय त्यात? पट्टे आले म्हणजे कार्डच."

दादांचे म्हणणे खरे असेलही. पण न पाहता ते खरे कसे मानावे? पट्टे यायला पाच कारणे असू शकतात. पडदा बिघडला असेल. वायर सैल असेल. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालविणाऱ्या सूचनांचा संच, बिघडला असेल. कार्ड धुळीने तापत असेल. किंवा वीज कमी पडत असेल. पाचही ठीक निघाले, तरच कार्ड गेले असे म्हणावे. ताईंनी बारा हजारांआधी दहा रुपयांची वही घेतली.

वहीचे दोन नियम

पहिला नियम : एका वेळी एकच बदल करा. वायर बदलली आणि त्याच वेळी कार्डही साफ केले, तर गुण कशाने आला हे कळणार नाही. 

दुसरा नियम : केले ते लगेच लिहा. वार, वेळ, काय केले, काय दिसले. एवढे पुरे.

आणि या सर्वांआधी एक काम. पडदा थोडा जरी वाचता येत असेल, तरी महत्त्वाचे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. घराला आग लागली तर आधी माणसे बाहेर काढतात, भांडी मागून.

पायरी पहिली : पडदा आणि वायर

मॉनिटरला स्वतःची बटणे असतात. ती दाबली, की उजेड कमी-जास्त करण्याचा एक चौकोन पडद्यावर येतो. हा चौकोन मॉनिटर स्वतः काढतो, कार्ड काढत नाही. चौकोनावरही पट्टे दिसले, तर दोष पडद्याचा असावा. चौकोन स्वच्छ आणि मागचे चित्र खराब, तर दोष वायरचा किंवा त्याच्याही मागचा.

मग वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. शेजाऱ्याची वायर आणून लावून पाहा. घरच्या टीव्हीला जोडून पाहा. वायर कोठे लावली आहे, तेही पाहा. ज्या संगणकात वेगळे कार्ड आहे, त्याच्या मागे चित्राची भोके दोन ठिकाणी असू शकतात. वायर कार्डाच्या भोकात हवी.

आणखी एक युक्ती आहे. प्रिंट स्क्रीन हे बटण दाबून पडद्याचे चित्र संगणकातच साठवा. ते दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडा. त्यातही पट्टे दिसले, तर पडदा आणि वायर निर्दोष आहेत. पट्टे दिसले नाहीत, तर मात्र अजून काही ठरले नाही. पुढे चला.

पायरी दुसरी : पट्टे कधी येतात?

संगणक सुरू करताच प्रथम बनविणाऱ्याचे नाव दिसते. त्या वेळी विंडोज अजून सुरू झालेले नसते. नावावरच पट्टे असतील, तर दोष यंत्राच्या अंगात आहे. नाव स्वच्छ आणि विंडोज आल्यावर पट्टे, तर ड्रायव्हरचा संशय घ्या. जुना ड्रायव्हर काढून टाका. कार्ड बनविणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून नवा घ्या. दुसरीकडून घेतलेल्या ड्रायव्हरबरोबर नको ते पाहुणे घरात शिरतात.

काम वाढल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी पट्टे आले, तर उष्णतेचा किंवा विजेचा संशय घ्या.

पायरी तिसरी : उष्णता आणि धूळ

नव्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडले, की वेगळ्या कार्डाची उष्णता दिसते. भर कामात ६० ते ८० अंश सेल्सियस हे पुष्कळ कार्डांना चालते. आकडा ९०च्या पुढे जाऊन तिथेच राहू लागला, तर काम थांबवा.

आपल्याकडे बांधकामाची धूळ फार. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट. खाडीवरची खारी हवा लोखंडाला गंज चढवते. अशा हवेत धूळ ओली होते आणि पंख्याला चिकटून बसते. संगणक जमिनीवर ठेवला, तर आणखी वाईट.

साफ करण्याची रीत अशी. संगणक बंद करा. विजेची पिन काढा. मग सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. दहा मिनिटे थांबा. पेटीच्या लोखंडी भागाला हात लावून मगच आत हात घाला. मऊ ब्रशने धूळ झाडा. हवा मारणार असाल, तर पंखा बोटाने धरून ठेवा. ओले फडके लावू नका.

एक सूचना : काही कार्डांचे पंखे थंड असताना मुद्दाम थांबलेले असतात. म्हणून पंखा फिरतो की नाही, ते काम चालू असताना बाहेरून पाहा. त्या वेळी हात आत घालू नका.

पायरी चौथी : बैठक आणि वीज

पुन्हा पिन काढा. कार्डाचा स्क्रू काढा. खाचेच्या टोकाची कडी दाबून कार्ड सरळ वर ओढा. सोनेरी कडा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कार्ड पुन्हा सरळ बसवा. कडी "टक्" वाजली पाहिजे. नुसते सैल बसल्यानेही चित्र जाते.

मोठ्या कार्डाला विजेची वेगळी वायर लागते. कार्डाच्या खाचेतून फार तर ७५ वॅट मिळतात. सहा भोकांच्या वायरीतून आणखी ७५, आठ भोकांच्या वायरीतून १५०. ही वायर सैल असली किंवा वीज देणारा डबा जुना झाला, तर भर कामात पडदा काळा होतो किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. या डब्याला कारागीर एसएमपीएस म्हणतात. हा डबा कधीही उघडू नका. पिन काढली तरी त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. डबा बदलून पाहणे हे जाणकाराचे काम आहे.

पायरी पाचवी : अदलाबदल

ही शेवटची परीक्षा. पुष्कळ संगणकांत साधे चित्र काढण्याची सोय आतच असते. कार्ड काढा. वायर खालच्या कार्डाऐवजी संगणकाच्या मूळ भोकात लावा. चित्र स्वच्छ आले, तर बाकीचे यंत्र बहुधा ठीक आहे. मग तेच कार्ड ओळखीच्या दुसऱ्या संगणकात बसवून पाहा. तिथेही पट्टे आले, तर कार्डच दोषी. आता शंका उरली नाही.

ताईंच्या वहीत काय लिहिले होते?

सोमवार, सकाळ. काम पेन ड्राइव्हवर घेतले. मॉनिटरचा चौकोन स्वच्छ.
सोमवार, दुपार. वायर बदलली. पट्टे आहेतच.
मंगळवार. सुरुवातीचे नाव स्वच्छ. नवा ड्रायव्हर घातला. बारा मिनिटांनी पट्टे.
बुधवार. उष्णता ९६. कार्डाचा पंखा फिरत नाही. धूळ फार.
गुरुवार. धूळ काढली. पंखा अडखळत फिरतो. उष्णता ८८. पट्टे कमी.
शनिवार. नवा पंखा बसविला. उष्णता ७१. दोन तास काम केले. पट्टे नाहीत.

ही वही दाखविली, तेव्हा दादा काही बोलले नाहीत. पंखा त्यांनीच आणून बसविला, आणि मजुरीही वाजवी घेतली. दादा काही लबाड नव्हते. त्यांनी सवयीने उत्तर दिले होते. वहीने त्यांनाही पाहायला लावले.

येथे कार्ड वाचले. नेहमी वाचेलच असे नाही. थंड असतानाही पहिल्या क्षणापासून पट्टे, दुसऱ्या संगणकातही पट्टे, असे झाले तर कार्ड संपले असे समजा. कार्ड तापते आणि निवते, तापते आणि निवते. त्याने आतले बारीक सांधे कालांतराने तडकतात. हे मोठ्यांनाही चुकले नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या अमेरिकेतील मोठ्या कंपनीने, लॅपटॉपमधील आपल्या काही सदोष चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचे जाहीर केले होते.

काही जण असे कार्ड भट्टीत भाजतात आणि ते बरे झाले असे म्हणतात. हा गुण टिकत नाही. धूर मात्र विषारी असतो. स्वयंपाकाच्या भट्टीत तर हे मुळीच करू नये.

नवे कार्ड घेण्यापूर्वी जुन्याचे बिल शोधा. पुष्कळ कार्डांवर तीन वर्षांची हमी असते. बिलावरची तारीख वाचा. बिलावरचा आणि कार्डावरचा क्रमांक जुळवून पाहा. हमी असेल, तर कार्ड स्वतः खोलू नका. नवे घेतले, तर जुने परत मागून घ्या. ते जाळू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

ध्यानात ठेवा

१. पडदा गेला म्हणजे काम गेले असे नाही.
२. आधी फुकटची परीक्षा, मग स्वस्त, मग महाग.
३. एका वेळी एकच बदल.
४. पिन काढल्याशिवाय आत हात नाही. विजेचा डबा उघडायचा नाही.
५. पाहिलेले लिहा. लिहिलेले दाखवा.

प्रश्न

१. मॉनिटरचा स्वतःचा चौकोन स्वच्छ दिसला, तर काय कळते?
२. ताईंनी सोमवारी वायर आणि ड्रायव्हर एकदमच का बदलले नाहीत?
३. तुमच्या घरातील पंप, शिलाई यंत्र किंवा मोबाइल बिघडला, तर वहीत पहिल्या दिवशी काय लिहाल? चार ओळी लिहून आणा.